गणपतीचे डोळे घरी येऊन आखून मिळतील

गणपतीचा एक डोळा आखायला मला चार श्वास लागतात. श्वास रोखायचा, रेघ मारायची, श्वास सोडायचा. वरची पापणी, खालची पापणी, बुबुळ आणि शेवटी बुबुळातला पांढरा ठिपका. बत्तीस वर्षं पेणच्या कारखान्यांत मी एवढंच करत आले. मूर्ती बनवतात त्या जागेला आम्ही कारखानाच म्हणतो, आणि डोळे काढायच्या कामाला आखणी. माती मळणारे वेगळे, अंगाचा रंग मारणारे वेगळे, दागिने सोनेरी करणाऱ्या बायका वेगळ्या. मला अजूनही सोंडेला धड वळण देता येत नाही, हे मी इथे पहिल्यांदाच कबूल करते.

त्यामुळे या अंकाच्या संपादकबाई फोनवर म्हणाल्या, ‘तुम्ही स्टार्टअप उद्योजिका म्हणून लिहा,’ तेव्हा मी मागे वळून बघितलं, दुसरं कोणी उभं आहे का म्हणून. फक्त मांजर होतं. मग लिहायला मीच बसले.

सगळी सुरुवात झाली ती रोह्याच्या एका फ्रीजपासून. मी तेव्हा तात्यांच्या कारखान्यात होते. तात्या म्हणजे आमचे मालक, हमरापूरकडचे, माणूस सोन्यासारखा पण तोंडाचा तोफखाना. चतुर्थीला चार दिवस राहिले होते आणि त्यांचा फोन वाजला. हात रंगाने भरलेले, म्हणून त्यांनी कोपराने स्पीकर लावला. रोह्याहून एक निवृत्त शिक्षिका बोलत होत्या. वर्गात बोलतात तसा शांत, मोजूनमापून आवाज.

“तुमच्याकडून आणलेली मूर्ती सुंदर आहे. पण आमचा गणपती फ्रीजकडे बघतो.”

कारखान्यात हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. तात्या म्हणाले, “बाई, भूक लागली असंल त्याला.”

बाई हसल्या नाहीत. “मी आयुष्यभर मुलांची नजर ओळखून नोकरी केली. मुलगा फळ्याकडे बघतोय की खिडकीबाहेर, ते मला लांबून कळतं. हा खिडकीबाहेर बघतोय.”

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. माझी धाकटी बहीण शैला रोह्यात राहते, तेव्हा ही कामगिरी माझ्याच गळ्यात पडणार हे मला कळून चुकलं.

शैलाची मुलगी सायली बी.एस्सी. झालेली, रोह्याच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये होती, शिफ्टने. त्या दिवशी तिला सुट्टी होती, म्हणून तिने मला स्कूटरवरून बाईंच्या घरी सोडलं आणि काय चाललंय ते बघायला आतही आली. मूर्ती हॉलच्या टोकाला, उंच टेबलावर, मखरात. मी समोर उभी राहिले. बाई खरं बोलत होत्या. गणपती आमच्या सगळ्यांच्या डोक्यावरून थेट पलीकडच्या फ्रीजकडे बघत होता. कौतुकाने बघत होता, पण फ्रीजकडे.

कारण काय, तर मी. कारखान्यात मी खाली पाटावर बसते आणि मूर्ती माझ्यासमोर फिरत्या पाटावर असते, डोळ्याला डोळा. म्हणजे बत्तीस वर्षं मी प्रत्येक गणपतीला माझ्याकडे बघायला शिकवलं होतं. मग तो कोणाच्या तरी घरी जायचा, टेबलावर चढायचा, आणि माझी जागा जिथे असती तिथे बघत बसायचा. तिथे फ्रीज असेल तर फ्रीज. पेणमध्ये आम्ही सगळ्याच आखणीवाल्या अशाच बसतो, आणि आमच्यातली एकही कधी आपण रंगवलेली मूर्ती गिऱ्हाइकाच्या घरी बघायला गेलेली नव्हती. जायला वेळ कुठला, चतुर्थीच्या दिवशी आम्ही मेल्यासारख्या झोपतो.

मी बाईंना म्हटलं, “आरतीला तुम्ही कोण कुठे उभे राहता ते मला दाखवा.” त्या मधोमध, मुलगा डावीकडे टाळ घेऊन, सून जरा मागे बाळाला कडेवर घेऊन. मी त्यांना तिथेच उभं ठेवलं, जुन्या डोळ्यांवर अंगाचा रंग दिला, सुनेच्या केस वाळवायच्या मशीनने तो वाळवला आणि स्टुलावर चढून नवे डोळे आखले. शेवटचा ठिपका दिला आणि बाजूला झाले.

बाईंनी चष्मा काढला, साडीच्या पदराने पुसला, परत घातला आणि अगदी हळू म्हणाल्या, “बघितलं हो माझ्याकडे.” आणि रडायलाच लागल्या. मी पण रडले. मुलगा टाळ वाजवायला लागला, का ते त्यालाच ठाऊक.

दारात शेजारीण उभी होती. म्हणाली, “आमच्याकडे येता का? आमचा घड्याळाकडे बघतो.” तिच्या मागची म्हणाली, “आमचा तर वर पंख्याकडे.” दिवेलागणीपर्यंत मी पाच घरं केली.

परत येताना सायली स्कूटर चालवता चालवता ओरडली, “मावशी, हा धंदा हाय.”

“कसला धंदा? असं कोण करतं?”

“कोणीच नाय करत. म्हणून तर.”

“कोणी करत नाय म्हणजे कोणाला लागत नाय.”

“आज पाच घरांना लागला. आणि दुपारपर्यंत त्यांना म्हाईतच नव्हतं, आपल्याला काय पायजे ते.”

मी तिला म्हटलं, समोर बघून गाडी चालव. पण रात्रभर माझ्या डोक्यात तेच.

इथे जरा समजावून सांगते, कारण मलाही ते समजायला वर्ष लागलं. समजा तुम्ही पेणमध्ये पापडाचं दुकान टाकलंत. पापड म्हणजे काय हे गिऱ्हाइकाला शिकवावं लागत नाही. तो येतो, तोडून बघतो, शेजारच्यापेक्षा स्वस्त देता का विचारतो, आणि तुमचं आयुष्य शेजारच्याकडे बघण्यात जातं. आमचं तसं नव्हतं. आमच्या शेजारी कोणी नव्हतंच. कोणापेक्षा चांगलं नाही, कोणापेक्षा स्वस्त नाही, नुसतंच एकटं. सायली म्हणायची, “मावशी, आपल्याला दुकान नाय टाकायचं. आपल्याला आख्खी आळी बसवायचीय.” ऐकायला झकास वाटतं. पण रिकाम्या माळावर उभं राहून ‘ही आळी आहे’ असं सांगणाऱ्या बाईला लोक काय म्हणतात, ते मी तुम्हाला सांगायला नको.

तरी आम्ही चंग बांधला. सायलीने राजीनामा दिला आणि पेणला माझ्याकडे राहायला आली.

त्या दिवशी शैला रोह्याहून तणतणत आली. उंबऱ्याच्या आत आली नाही. “ताई, तू माझ्या पोरीला फूस लावलीस. पर्मनंट व्हायची होती गो ती. आता आळीत कोणी विचारलं, पोरगी करते काय, तर काय सांगू मी? घरोघर फिरून डोळे काढते?” मग सायलीकडे वळून तिने बजावलं, “तीन गणपती देते तुला. तिसऱ्या विसर्जनानंतर गुमान रोह्याला यायचं आणि मिळंल त्या कंपनीत, मिळंल त्या शिफ्टला लागायचं.” सायली व्हय म्हणाली. माझ्याशी शैलाने बोलणंच टाकलं. आळीत तिने सांगून ठेवलं की पोरगी मुंबईच्या कंपनीत लागली.

माझं काय, मी कधीही तात्यांच्या पाटावर परत बसले असते. पण पोरीच्या नोकरीची माती झाली असती आणि ती माझ्या हाताने. ही भीती पुढची तीन वर्षं मी उशीखाली घेऊन झोपले.

पहिल्याच वर्षी सायलीने मला पनवेलच्या एका कॉलेजात नवउद्योजकांच्या स्पर्धेला नेलं. मी ठेवणीतली साडी नेसले. समोर टाय लावलेले तीन परीक्षक. मधल्याने विचारलं, “तुमचे स्पर्धक कोण?”

“कोणी नाही,” सायली अभिमानाने म्हणाली.

“स्पर्धक नाहीत म्हणजे मार्केटच नाही.” त्याने कागदावर काहीतरी खोडलं. “बरं, तुमच्या मते मार्केट केवढं आहे?”

सायली जरा अडखळली, तेव्हा मी तोंड घातलं. “साहेब, आमच्या पेणमधून जेवढे गणपती जातात ना, त्याच्या बरोब्बर दुप्पट डोळे जातात.”

सभागृह हसलं. परीक्षकही हसला, पण नंबर दिला नाही. उत्तेजनार्थ म्हणून आम्हाला एक पाण्याची बाटली मिळाली. ती गळते.

पहिला गणपती आम्ही सपशेल आपटलो, आणि कसे आपटलो ते ऐकण्यासारखं आहे. आम्ही बोर्ड लावला होता: ‘गणपतीच्या डोळ्यांची दुरुस्ती करून मिळेल.’ आख्ख्या मोसमात चार घरं. त्यातलं एक फुकट, कारण ते माझ्या नणंदेचं. वर कारखानदार खवळले ते वेगळेच. एकाने भर बाजारात मला अडवलं, “आमच्या मालाला नावं ठेवता काय गो?” तात्यांनी तर मला बघितलं की तोंड फिरवायला सुरुवात केली.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सायली ओट्यावर बसून म्हणाली, “मावशी, आपलंच चुकलं. दुरुस्ती म्हटलं की गिऱ्हाइकाला आधी बिघाड कबूल करायला लागतो. आपल्या देवात खोट हाय असं कोण कबूल करंल? आपण काय दुरुस्त करत नाय. आपण नवीन काम करतोय. मूर्तीला डोळे घरीच काढायचे, पहिल्यांदाच, घरच्यांसमोर. कारखान्यातून मूर्ती बिनडोळ्यांची निघाली पायजे.”

मी कपाळावर हात मारला. “तात्यांना कोण सांगणार?”

“मी सांगते.”

तात्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि मग तोफ डागली. “माझ्या कारखान्यातून बिनडोळ्याचा गणपती? लोकं म्हणतील, तात्या अर्धा माल विकतो. निघा.”

सायली निघाली. दारात थांबली, वळली आणि लॅबमध्ये रिपोर्ट मागावा तशा आवाजात म्हणाली, “तात्या, तुमच्या घरचा गणपती कुठे बघतो?”

“कुठे म्हणजे? समोर बघतो.”

“समोर कुठे?”

त्या संध्याकाळी तात्यांनी घरी जाऊन दरवर्षीचे फोटो काढून बघितले असणार, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. आवाज पडलेला. “एवढ्या वर्षांत एकदापण माझ्याकडे बघितलं नाय गो त्याने. कॅलेंडरकडे बघतो.” मग खाकरून म्हणाले, “या वर्षी अकरा मूर्ती देतो. तोंडं झाकून न्या, आणि कोणाला सांगू नका.”

आम्ही पायरीवरच फुगडी घातली. माझं वय बघता दीडच फेरा झाला.

त्या एका प्रश्नात सगळं आहे हे आम्हाला तिथे कळलं. पुढचं पत्रक आम्ही अगदी साधं छापलं. वर एकच ओळ: ‘तुमचा गणपती कुठे बघतो?’ खाली फोन नंबर. बाकी काही नाही. पेण, नागोठणे, रोहे, सगळीकडे वाटलं. लोक मोबाईलमधले जुने फोटो मोठे करून करून बघायला लागले आणि फोन सुरू झाले. आमचा दाराकडे बघतो. आमचा शेजाऱ्यांच्या खिडकीत बघतो, तरीच त्यांचं बरं चाललंय. एका बाईने कळवळून सांगितलं, “आमचा सासऱ्यांकडेच बघतो हो. घरात आयुष्यभर सगळे त्यांच्याकडेच बघत आलेत, आता देवसुद्धा.” अशा वेळी फोन हातात धरून हसू दाबणं हे फार अवघड काम आहे, आखणीपेक्षा अवघड.

दुखणं आधी होतंच. आम्ही फक्त त्याला नाव दिलं.

आता दुसरा गणपती. काम मिळालं, पण आमच्यातला अडाणीपणा उघडा पडला. प्रत्येकाला चतुर्थीच्या आदल्या दिवशीच डोळे हवे होते, आणि आम्ही सगळ्यांना व्हय म्हणत गेलो. आखायला हात एकच जोडी, माझी. सकाळी पेणमधली घरं उरकली, मग नागोठण्याची तीन, आणि शेवटी उलट येऊन पेणच्या पलीकडच्या जिते गावातलं एक, असा बेत होता. सायली जित्याला आधीच जाऊन बसली होती, मखराचा दिवा, माणसांच्या जागा वगैरे बघायला. मी भाड्याच्या गाडीतून नागोठण्याकडे निघाले आणि गडब गावाजवळ अडकले. गावाला निघालेल्या गाड्यांनी हायवे असा तुंबला होता की माझ्या गाडीचा ड्रायव्हर उतरून कोणाच्या तरी ओट्यावर जेवून आला.

दोन तास झाले. जित्याच्या घरी दुसऱ्या दिवशी पहाटेच गुरुजी येणार होते. प्राणप्रतिष्ठा एकदा झाली की मूर्तीला ब्रश लावायचा नसतो, आणि बिनडोळ्यांच्या मूर्तीची प्राणप्रतिष्ठा कोण करणार? नागोठण्याची तीन घरं सोडली तर त्यांची तीच गत.

सायलीचा फोन आला. “मावशी, मी काढते इथले.”

“खबरदार.”

“दोन वर्षं फुटक्या मूर्तींवर काढतेय मी.”

“फुटक्या मूर्ती घरी आरती करत नाय गो!”

“मग काय करू? झाकलेला गणपती ठेवून पळून येऊ?”

मी व्हिडिओ लावायला सांगितला. माझ्या बाजूला एक बेंजो पार्टीचा टेम्पो उभा होता, आत दहा-बारा जण कंटाळून वाजवत बसलेले. मी फोनवर ओरडायला लागले, “वरची पापणी आधी! कोपर टेकव! श्वास धर!” तेव्हा ते वाजवायचे थांबले. एकेक करून खाली उतरले आणि माझ्या खांद्यावरून फोनमध्ये बघायला लागले. सायलीचा हात बघून मी गप्प झाले. लॅबमध्ये काचेच्या नळीतून थेंब थेंब सोडायची सवय होती तिला. रेघ अशी सरकली की मागचा ढोलकीवाला नकळत म्हणाला, “वा.” डावा डोळा झाला. पांढरा ठिपका पडला. टेम्पोवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. तिने उजव्या डोळ्याला ब्रश टेकवला आणि नेटवर्क गेलं.

बारा माणसं आणि मी, भर रस्त्यात, एका काळ्या स्क्रीनकडे बघत उभे. ढोलकीवाल्याने तर डोक्यालाच हात लावला.

तिथे उभं राहून काही होणार नव्हतं. मी पदर खोचला, ब्रशची पिशवी गळ्यात अडकवली आणि कडेकडेने निघालेल्या एका दूधवाल्याला हात केला. त्याच्या बाईकवर कॅनच्या मधे बसून नागोठणं गाठलं, तिन्ही घरं केली आणि पनवेलकडे जाणारी गाडी पकडून दिवे लागता लागता जिते स्टेशनवर उतरले.

घरात शिरले तर सगळे निवांत फराळ करत होते. सायली कोपऱ्यात पांढरीफटक बसलेली. मी मखरासमोर गेले. डावा डोळा माझाच होता, मी सांगितला तसा, रेघन् रेघ माझी. उजवा तिने एकटीने काढला होता. तो माझ्यापेक्षा चांगला होता. त्यात काहीतरी हसरं होतं, जे मला बत्तीस वर्षांत जमलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, क्षणभर जळफळाट झाला माझा. मग मी तिला जवळ ओढलं आणि म्हटलं, “आता डावाही पुढच्या वर्षीपासून तुझ्यासारखा काढ.” तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि भोकाड पसरलं. घरच्यांना वाटलं मूर्तीत काही बिघडलं. ते बिचारे हातातला लाडू तसाच धरून उभे राहिले.

त्यानंतर आम्ही सरळ नियम केला, आदल्या दिवशी आखणी नाही. त्याऐवजी चतुर्थीच्या आधीच्या पंधरवड्यात प्रत्येक घराला एक दिवस द्यायचा. लोक आधी कुरकुरले, मग त्यांनीच त्याचा कार्यक्रम करून टाकला. शेजारीपाजारी बोलवायचे, सरबत करायचं, सगळ्यांनी आरतीच्या जागी उभं राहायचं, डोळे उघडले की टाळी, आणि मग चतुर्थीपर्यंत तोंडावर लाल फडकं. एका गुरुजींनी मला अडवून विचारलं, “हे शास्त्रात कुठे सांगितलंय?” मी म्हटलं, “शास्त्रात नाय गुरुजी, पण तुमच्या सूनबाईंनी गुरुवारचा दिवस घेतलाय.” गुरुजींनी काढता पाय घेतला.

गिऱ्हाइकं तर एकेक नमुना. एका फ्लॅटमध्ये नवऱ्याला नजर दाराकडे हवी होती, बायकोला सोफ्याकडे, सासूला स्वयंपाकघराकडे. तिघं भांडत बसले आणि मी स्टुलावर ब्रश घेऊन ताटकळले. शेवटी सायली म्हणाली, “तुम्ही तिघं आरतीला एका जागी उभे राहिलात तर तिघांकडे बघंल.” त्या घरात गेल्या कित्येक वर्षांत तिघं एकत्र उभे राहिले नव्हते म्हणे. राहिले.

आणि नागोठण्याचे एक गृहस्थ मला विसरता येत नाहीत. बायको-मुलं बाहेर गेल्यावर ते हळूच म्हणाले, “बाई, जरा खाली बघू दे त्याला. या वर्षी नजर भिडवायची हिंमत नाय माझ्यात.” काय झालं होतं ते मी विचारलं नाही. त्यांच्या जोडलेल्या हातांवर नजर येईल असे डोळे आखले आणि निघाले. पुढच्या वर्षी त्यांनी फोन केला नाही. कुणी म्हणालं गाव सोडलं. विचारायला हवं होतं असं अजून वाटतं.

तिसऱ्या वर्षी कारखान्यातल्या चार आखणीवाल्या आमच्याकडे आल्या. छोट्या मूर्तींना आता तयार छापील डोळे चिकटवायला लागले होते, त्यामुळे त्यांच्या हाताला काम उरलं नव्हतं. आम्ही सहाजणी झालो. आणि आषाढात एका सकाळी सायली धापा टाकत आली. “मावशी, तात्यांच्या कारखान्यावर बोर्ड बघितलास?”

मी चपला न घालता गेले. हा मोठा बोर्ड, तात्यांच्या फोटोसकट: ‘घरी येऊन डोळे आखून मिळतील.’ आमचंच काम, आमच्या नव्या पाटीवरचेच शब्द, फक्त अक्षरं आमच्यापेक्षा मोठी.

दुपारपर्यंत लोक मला भेटायला यायला लागले. घरात कोणी गेल्यासारखे चेहरे करून. “बुडाला ना गो तुमचा धंदा?” “तात्यांसमोर काय टिकणार तुम्ही?” आणि मी येईल त्याला पेढा देत होते. माझ्या डोक्यावर परिणाम झालाय अशी त्यांची खात्री पटली. पण खरंच सांगते, एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. आम्ही दोघीच करत होतो तोवर आम्ही दोन खुळ्या बायका होतो. तात्यांसारख्या माणसाने बोर्ड लावला, तेव्हा ते काम झालं. आता गिऱ्हाईक ‘हे काय असतं?’ विचारणार नव्हतं, ‘तुमच्याकडून करू की तात्यांकडून?’ विचारणार होतं. मी पेढ्यांचा पुडा घेऊन तात्यांकडेही गेले. ते चोरासारखे बघायला लागले.

“रागावली नाय ना गो?”

“नाय तात्या. तोंड उघडा.”

मोसम भरला. तरी सायली मधूनच गप्प व्हायची. तिसरा गणपती होता, आणि आईचा शब्द तिला पाळायचा होता. मी एकदा म्हटलं, मी जाऊन शैलाचे पाय धरते. ती म्हणाली, “नको मावशी. तिला आळीत जे सांगता येत नाय, ते तिने कसं मान्य करायचं?”

श्रावण संपताना रोह्याहून पाटीलकाकूंच्या नावाने एक दिवस घेतला होता. त्या शैलाच्या शेजारीण. सायलीने पत्ता वाचला, दोनदा वाचला, आणि म्हणाली, आपण दोघी जाऊ, आई दिसली तर दिसली. आम्ही गेलो. पाटीलकाकू फाटकातच उभ्या होत्या. आम्हाला बघून त्यांनी हाताने पुढचं घर दाखवलं. “मी नाय गो, तिकडे. माझं नुसतं नाव लावलंन.”

शैलाच्या घरात निम्मी आळी जमलेली. मखरात मूर्ती, तोंडावर लाल फडकं. शैला मला सामोरी आली. तीन वर्षांनी तिने माझ्याकडे बघितलं आणि मी ब्रश काढायला पिशवीत हात घातला, तसा तिने तो धरला.

“तू बस ताई. ती काढंल.”

मी बसले. सायलीने कोणत्याही घरी म्हणते तसंच म्हटलं, “आरतीला कोण कुठे उभं राहतं ते दाखवा.” माणसं पुढे झाली, आपापल्या जागा घेतल्या. शैला मात्र सगळ्यांच्या मागे, स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली, चौकटीला हात लावून. मोदक चुलीवर असतात तेव्हा तिची आरती तिथूनच होते.

सायलीने फडकं काढलं. किती वेळ लागला कोण जाणे. ती बाजूला झाली आणि सगळ्यांनी वळून मागे बघितलं, कारण गणपती तिकडे बघत होता, माणसांच्या मधून, थेट दारातल्या शैलाकडे. शैलाने पदर तोंडाला लावला.

कोपऱ्यातल्या एका बाईने तिला हलकेच विचारलं, “ही तुझी सायलीच ना गो? मुंबईच्या कंपनीत होती ती?”

शैलाने डोळे पुसले, नाक ओढलं आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “कंपनी-बिंपनी काय नाय. आखणीवाली हाय माझी पोरगी. पुढच्या वर्षी पायजे असंल तर आत्ताच नाव लिव्हून ठेव. मागाहून माझ्याकडे वशिला लावायला येऊ नको.”